नाकाबंदीत सापडलेल्या फौजीसाठी: ठाण्यापासून पेशीपर्यंत

डिसेंबर २०२२. छुट्टी संपायला पंधरा दिवस होते. पुण्यात वानवडीला शाळेतल्या मित्राकडे जेवण होतं, कॅन्टीनची रम होती, आणि परतताना गोळीबार मैदानाजवळ नाकाबंदी होती. मशीनमध्ये फुंकलं, आकडा आला ७४, मर्यादा ३०. त्या वेळी मी हवालदार होतो, नायब सुभेदारीच्या यादीत नाव यायची वाट बघत होतो आणि युनिट होतं पंजाबात.

तिथून पुढे मी एकही गोष्ट धड केली नाही. ठाण्याबाहेर भेटलेल्या एका शहाण्यानं सांगितलं, "कोर्टात दहा हजार दंड भर आणि मोकळा हो. युनिटला काय कळतंय!" मी भरले. ड्यूटीवर हजर झालो, गप्प राहिलो. मार्चमध्ये पोलिसांचं पत्र युनिटला पोचलं आणि सुभेदार मेजर साहेबांनी बोलावून घेतलं. पुढे जी शिक्षा झाली, ती दारूसाठी झाली नाही. ती लपवल्याबद्दल झाली. प्रमोशन गेलं आणि २०२४ ला हवालदार म्हणूनच घरी आलो.

तेव्हापासून ओळखीतल्या चार-पाच पोरांच्या अशा भानगडीत मी कागद घेऊन फिरलोय. त्यातून जे कळलं ते क्रमानं लिहितो. मी वकील नाही. वकील लागणारच आहे, पण त्याच्याकडे जायच्या आधी काय बिघडू नये, ते मी सांगू शकतो.

हे लिहिलंय ते प्रामुख्यानं सेनेच्या जवानांसाठी. लोहगावच्या हवाई दलातल्या आणि लोणावळ्याच्या नौदलातल्या भावांचे कायदे वेगळे आहेत (१९५० चा वायुसेना कायदा, १९५७ चा नौदल कायदा), पण वाट साधारण अशीच जाते.

१. आधी डोक्यातले दोन गैरसमज काढा

पहिला: "फौजीला पोलीस हात लावू शकत नाही." लावू शकतात. हा समज कुठून आला तेही सांगतो. सेना कायद्याच्या कलम २९ मध्ये अटकेपासून संरक्षण आहे, पण ते कर्जाच्या वसुलीसाठी होणाऱ्या अटकेपुरतं. दुसरं संरक्षण फौजदारी प्रक्रियेत आहे, ते ड्यूटी बजावताना केलेल्या कामासाठी. मित्राकडून जेवून बुलेटवर घरी जाणं ही ड्यूटी नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०२ नुसार वर्दीतला पोलीस दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला वॉरंटशिवाय अटक करू शकतो, मग तो शिपाई असो की कर्नल.

दुसरा: "छुट्टीवर असताना, सिव्हिल कपड्यात काही घडलं तर युनिटचा संबंध नाही." आहे. छुट्टीतही तुम्ही सेना कायद्याखालीच असता. कलम ४८ नशेबद्दल आहे आणि त्यात शब्द स्पष्ट आहेत: ड्यूटीवर असो वा नसो. ड्यूटीवर नसलेल्या जवानाला कोर्ट मार्शलमध्ये जास्तीत जास्त सहा महिने, ड्यूटीवर असेल तर दोन वर्षं. अधिकाऱ्याला सेवेतून काढून टाकण्यापर्यंत. शिवाय कलम ६३ आहे, शिस्तभंगाचं, ज्यात जवळजवळ काहीही बसतं, आणि कलम ६९ आहे, ज्यानं साधा सिव्हिल गुन्हासुद्धा सेना कायद्याखालचा गुन्हा मानता येतो.

म्हणजे एका रात्रीच्या दोन फायली होतात. एक पोलिसांकडे, एक युनिटमध्ये. पहिली बंद केली म्हणून दुसरी बंद होत नाही. माझी सगळी चूक या एका वाक्यात आहे.

२. रस्त्यावर: पहिला अर्धा तास

मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. ही फार खाली आहे. "एक पेग चालतो" हे ज्यानं सांगितलं त्याला तुमच्या वजनाची, रिकाम्या पोटाची आणि पेगच्या मापाची काही माहिती नसते.

फुंकायला नाही म्हणू नका. नकार दिला म्हणजे पुरावा संपला असं होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०५ नुसार विनाकारण दिलेला नकारच तुमच्याविरुद्ध वापरता येतो. नळी नवीन लावायला सांगा, तो तुमचा साधा हक्क आहे, आणि सांगताना आवाज चढवू नका. आकडा स्वतः वाचा. वेळ बघून ठेवा. मशीनमधून निघालेल्या कागदावर सही करताना त्यावरची वेळ आणि गाडी नंबर बरोबर आहे का ते बघा.

आय-कार्डाचं काय? विचारलं तर दाखवा. दाखवून परत खिशात ठेवा. ते तारण म्हणून ठाण्यात सोडून येऊ नका, हरवलं तर त्याची वेगळी चौकशी मागे लागते. पण कार्ड काढून "ओळखतोस का मी कोण आहे" हे मात्र चुकूनही नको. आणि त्याच्या उलट, "खाजगी नोकरी" असं सांगून ओळख लपवणंही नको. तो कागद पुढे युनिटमध्ये पोचला की खोटं बोलल्याचा मुद्दा वेगळा उभा राहतो.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक. हुज्जत. पोलिसाचा हात झटकला, कॉलर धरली, की प्रकरण मोटार वाहन कायद्यातून उठून भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ मध्ये जातं, म्हणजे सरकारी नोकराला कर्तव्यापासून रोखण्यासाठी बळाचा वापर. दारूचा गुन्हा जामीनपात्र आहे, हा अजामीनपात्र. पुण्यात फौजी आणि पोलीस समोरासमोर आले की बघ्यांचे मोबाईल लगेच वर होतात, आणि तो व्हिडिओ तुमच्या आधी सदर्न कमांडला, म्हणजे पुण्यातल्या सेनेच्या मुख्यालयाला, पोचतो. युनिटमधल्या मित्रांना फोन करून "या रे चार जण" असं बोलावणं म्हणजे चार जणांची पेशी (साहेबांसमोरची शिस्तीची सुनावणी) लावणं.

पैसे देऊन मिटवायचा प्रयत्न करू नका. त्याची कारणं सांगत बसत नाही.

३. ठाणं आणि दवाखाना

अटक झाली तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी. नाही झाली तर कोठडीतून सोडावं लागतं, असं कलम २०२ मध्येच आहे. लक्षात घ्या, कोठडीतून सुटका म्हणजे केसमधून सुटका नव्हे. पण अटकेची वेळ आणि तपासणीची वेळ या दोन्ही लिहून घ्या, वकिलाला त्या लागतात. पेन नसेल तर घरी मेसेज टाका, वेळ आपोआप नोंदली जाते.

रक्ताचा नमुना देताना बाटलीवर सील लागलं का, लेबलवर नाव कुणाचं आहे, हे बघा. मे २०२४ च्या कल्याणीनगरच्या अपघातानंतर रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप झाला, हे पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर नाकाबंदीही वाढली आणि नमुन्यांकडे बघण्याची नजरही बदलली. कुणी "नमुना बघून घेतो" म्हणाला तर त्याच्यापासून लांब राहा.

घरच्यांपैकी किंवा मित्रांपैकी एकाला कळवण्याचा आणि वकिलाला भेटण्याचा हक्क तुम्हाला आहे. जामीनपात्र गुन्हा असल्यानं बहुतेक वेळा जामीनदारासह किंवा जातमुचलक्यावर ठाण्यातूनच सुटका होते. जामीनदार म्हणून जाणारा माणूस शुद्धीवर असावा. हसू नका, माझ्यासाठी आलेला मित्र त्याच पार्टीतून आला होता, त्याला दारातूनच परत पाठवला.

कुणाला लागलं असेल, अपघात झाला असेल, तर हा लेख पुरेसा नाही. निष्काळजीपणानं मृत्यू म्हटलं तरी न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि प्रकरण त्याच्याही वर जाऊ शकतं. तिथे पहिल्या तासापासून फौजदारी वकील हवा.

४. युनिटला कळवणं

इथे मी जरा थांबणार आहे, कारण बाकी सगळं चुकलं तरी हे बरोबर झालं तर माणूस वाचतो.

बहुतेक युनिटांमध्ये लेखी हुकूम असतो की पोलीस केस झाली तर ठरावीक वेळेत कळवायचं. आमच्याकडे चोवीस तास होते. तो हुकूम वाचून त्यावर मी सही केली होती, दरवर्षी करायचो, डोळे मिटून. सेना कायद्याच्या कलम ४२ च्या पोटकलम ङ मध्ये हुकूम न पाळण्याचा गुन्हा आहे, आणि माझ्या चार्जशीटवर तेच कलम होतं. पेशीला सीओ साहेब (कमांडिंग ऑफिसर, युनिटचे प्रमुख) म्हणाले, "दारू पिऊन पकडला गेलास ते एक झालं. पण तीन महिने रोज मला राम राम करत होतास." त्यावर काय उत्तर देणार?

कळवायचं कुणाला? छुट्टीवर असाल तर कंपनीच्या सीनियर जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) साहेबांना किंवा सीएचएमला (कंपनी हवालदार मेजर) फोन, आणि लगेच लेखी. युनिटचं प्रशासन बघणाऱ्या ॲडज्युटंट साहेबांपर्यंत ते आपोआप जातं. युनिट लांब असेल आणि फोन लागत नसेल तर पुण्यात स्टेशन हेडक्वार्टर आहे, तिथे जाऊन नोंद करा. पुण्यातच पोस्टिंगला असाल, म्हणजे खडकीत, दापोडीत, घोरपडीत, खडकवासल्याला, तर सकाळ व्हायची वाट बघू नका. ड्यूटी जेसीओला रात्रीच सांगा.

लेखी कळवताना चार-पाच ओळी पुरतात. नंबर, रँक, नाव, कंपनी. छुट्टी कधीपासून कधीपर्यंत. कुठे, किती वाजता थांबवलं. कुठलं ठाणं, कुठलं कलम. आत्ता कुठे आहे, पुढची तारीख काय. बस.

काय लिहू नये हेही तेवढंच महत्त्वाचं. "माझ्याकडून चूक झाली, मी दारू प्यायलो होतो, माफी असावी" असं रडगाणं त्या पहिल्या कागदात घालू नका. घटना कळवायची, कबुली द्यायची नाही. कबुली द्यायची की नाही ते नंतर, विचार करून. हा कागद फाइलला लागतो आणि पुढे कुठे कुठे जातो ते तुमच्या हातात नसतं. आणि अर्थातच खोटंही लिहू नका. "मित्र चालवत होता" असं लिहिलेला एक पोरगा मी पाहिलाय. नाक्यावरच्या कॅमेऱ्यानं त्याचं सगळं खोटं उघडं पाडलं.

मेसेज पाठवला तर त्याचा फोटो ठेवा. पत्र दिलं तर पोच घ्या. "तोंडी सांगितलं होतं साहेब" याला पेशीत किंमत नाही.

घरचे लोक घाबरून युनिटला फोन करतात, रडतात, भलतंच सांगून जातात. बायकोला किंवा भावाला आधीच सांगून ठेवा की युनिटशी मीच बोलणार.

५. कागद गोळा करा

एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये हे सगळं, मूळ वेगळं आणि झेरॉक्स वेगळी:

छुट्टी सर्टिफिकेट, लायसन्स आणि गाडीचं आरसी, विमा, पीयूसी, मशीनमधून निघालेला कागद, डॉक्टरच्या तपासणीचा कागद, गुन्हा नोंदला असेल तर एफआयआरची प्रत, गाडी किंवा लायसन्स घेतलं असेल तर त्याची पावती किंवा पंचनामा, जामिनाचा कागद, कोर्टाची नोटीस किंवा समन्स, युनिटला कळवल्याची पोच.

लायसन्स पोलीस ठेवून घेतात, तो त्यांना अधिकार आहे. पण पावतीशिवाय देऊ नका. गाडी दुसरा कुणी लायसन्सवाला, न प्यायलेला माणूस घेऊन जाऊ शकत असेल तर तशी विनंती करा. नाहीतर ती उचलून नेतात आणि सोडवायला वेगळी खेप पडते.

हद्द नीट बघा. पुण्याचं आणि पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय २०१८ पासून वेगळं आहे. देहूरोडला सापडलात आणि कागद शोधत पुण्यात फिरलात तर दोन दिवस वाया. तसंच कोर्टाचं: शिवाजीनगर, लष्कर, खडकी, यांतलं कुठलं ते समन्सवर लिहिलेलं असतं. "शिवाजीनगरलाच असेल" म्हणून रिक्षात बसू नका.

६. कोर्ट: दहा हजार भरून मोकळं होता येतं का?

साध्या सिग्नल तोडल्याच्या चलानासारखं हे मोबाईलवर भरून मिटत नाही. तडजोडीच्या गुन्ह्यांच्या यादीत मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ (दारू पिऊन गाडी चालवण्याचं) नाही, त्यामुळे मॅजिस्ट्रेटसमोर जावंच लागतं. पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही; पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत किंवा पंधरा हजार किंवा दोन्ही.

तिथे गेल्यावर सगळे जण एकच सल्ला देतात: गुन्हा कबूल करा, दंड भरा, जेवायच्या सुट्टीआधी घरी. सिव्हिल माणसासाठी हा सल्ला कदाचित ठीकही असेल. तुमच्यासाठी नाही. कारण गुन्हा कबूल करून भरलेला दंड म्हणजे फौजदारी कोर्टानं ठरवलेला दोष. तो दोष घेऊन तुम्ही युनिटमध्ये परत जाता. सेना नियम १९५४ च्या नियम १७ मध्ये लिहिलंय की बडतर्फ करण्याआधी माणसाला कारणं कळवून उत्तर द्यायला वेळ द्यावा; पण ज्या वर्तनासाठी फौजदारी कोर्टानं किंवा कोर्ट मार्शलनं दोषी ठरवलं असेल, त्या वर्तनावरून काढायचं असेल तर ही नोटीस देण्याची सक्ती नाही. दहा हजारांच्या पावतीनं तुम्ही स्वतःची ती ढाल टाकून देता. पहिल्याच दंडावर कुणी लगेच बडतर्फ होतं असं मी म्हणत नाही, मीही झालो नाही. पण दार उघडं राहतं.

मग लढायचंच का? तेही नेहमी नाही. आकडा १५० असेल, सगळे कागद चोख असतील, तर वर्षभर तारखा घेऊन काही हाती लागत नाही. ठरवायचं वकिलानं आणि तुम्ही, कागद समोर ठेवून, आणि युनिटला माहीत असताना. त्या दिवशी सकाळी कोर्टाच्या पायरीवर ठरवायचं नाही.

तुम्ही फौजी आहात हे कोर्टाला सांगा. यामागे कारण आहे. १९७८ चे नियम आहेत, फौजदारी कोर्ट आणि कोर्ट मार्शल यांच्यात केस कुणी चालवायची हे ठरवणारे. सेनेच्या अखत्यारीतल्या माणसाची केस समोर आली की मॅजिस्ट्रेटनं सीओला लेखी कळवायचं आणि पंधरा दिवस थांबायचं. त्या काळात सेनेचा सक्षम अधिकारी ठरवू शकतो की केस आम्ही घेतो. अशा प्रकरणात बऱ्याचदा कोर्टातच चालू देतात, पण ते ठरवणं तुमचं काम नाही, त्यांचं आहे. ओळख लपवून दंड भरला की ही सगळी पायरीच उडते, आणि युनिटला राग येतो तो बरोबर त्याचाच.

एक कलम फार थोड्यांना माहीत असतं: सेना कायद्याचं कलम ३२. कोर्टाच्या कामासाठी छुट्टी मिळाल्याचं सर्टिफिकेट सक्षम अधिकाऱ्याकडून घेऊन कोर्टात दाखल केलं, तर कोर्टानं शक्यतो त्या छुट्टीच्या काळातच सुनावणी आणि निकाल करायचा असतो. "शक्यतो" हा शब्द आहे, पण अर्ज द्यायला काय जातं? वकिलांनाही सांगावं लागतं हे.

तारीख छुट्टीनंतरची पडली तर? वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज द्या, नाहीतर युनिटकडून छुट्टी वाढवून घ्या, लेखी. "कोर्टाची तारीख होती" म्हणून परस्पर थांबलात तर ती विनापरवानगी गैरहजेरी, कलम ३९, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. दारूच्या मूळ गुन्ह्याच्या सहापट. कोठडीत अडकून छुट्टी संपत असेल तर तेही त्याच दिवशी कळवा. आणि त्या कोठडीतल्या दिवसांचा पगार, पुढे दोषी ठरलात तर, कलम ९१ खाली कापता येतो.

वकिलाची फी परवडत नसेल तर शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. जुलै २०२५ पासून सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांना कायद्याची मदत देणारी वीर परिवार सहायता योजनाही सुरू झाली आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा.

निकाल लागला की नक्कल विभागातून सही-शिक्क्याची नक्कल घ्या, दोन प्रती. युनिटला तीच लागते. दंडाची नुसती पावती चालत नाही.

७. युनिटमध्ये परत: पेशी

क्रम साधारण असा. आधी कंपनी कमांडर साहेबांसमोर, मग चार्जशीट, मग सीओ साहेबांसमोर मार्च-अप. सेना नियमांच्या नियम २२ नुसार आरोप तुमच्यासमोर ऐकला जातो. साक्षीदाराला प्रश्न विचारता येतो, तुमचा साक्षीदार बोलावता येतो. बहुतेक जण टोपी-बेल्ट काढून उभं राहिल्यावर हे सगळं विसरतात आणि "जी साहब, गलती हो गई" एवढंच म्हणतात. ते तुमच्या बाजूनं आहे की नाही, ते आदल्या रात्री ठरवून जा.

सीओ साहेब केस रद्द करू शकतात, सेना कायद्याच्या कलम ८० खाली स्वतः निकाली काढू शकतात, वर पाठवू शकतात, किंवा पुरावे लिहून घ्यायला सांगू शकतात, ज्याला समरी ऑफ एव्हिडन्स म्हणतात. कलम ८० च्या शिक्षा: अठ्ठावीस दिवसांपर्यंत कैद किंवा डिटेन्शन, तेवढेच दिवस लाइनबंदी (बॅरेकच्या हद्दीबाहेर न जाणं), जादा गार्ड-ड्यूटी, महिन्यात चौदा दिवसांच्या पगारापर्यंत दंड, रिप्रिमांड, सीव्हिअर रिप्रिमांड. समरी कोर्ट मार्शल (सीओ स्वतः चालवतात ते) झालं तर सीओ लेफ्टनंट कर्नल किंवा वरचे असतील तेव्हा एक वर्षापर्यंत कैद. तिथे तुम्हाला मदतीला एक जण घेता येतो, फ्रेंड ऑफ द ॲक्युज्ड. तो कुणी असावा हे विचारलं जातं तेव्हा शेजारच्या बेडवाल्याचं नाव देऊ नका. कायदा वाचलेला, शांत डोक्याचा माणूस मागा.

कलम १२१ लक्षात ठेवा. त्याच गुन्ह्यासाठी सिव्हिल कोर्टानं दोषी किंवा निर्दोष ठरवलं असेल, तर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा कोर्ट मार्शल किंवा कलम ८० ची पेशी होत नाही. "त्याच" शब्दावर जोर. न कळवणं, छुट्टीवर जास्त राहणं, खोटं सांगणं हे वेगळे गुन्हे. मला कलम १२१ माहीत होतं, कंपनीच्या क्लार्कनं सांगितलं होतं, म्हणून मी निवांत होतो. पेशीला चार्ज वेगळाच निघाला.

८. लाल शाई

मला सीव्हिअर रिप्रिमांड मिळालं. ऐकायला नुसती ताकीद वाटते. पण ती शीट रोलला, म्हणजे सेवेच्या नोंदीच्या कागदावर, लाल शाईत चढते, आणि प्रमोशनची यादी बनते तेव्हा बोर्ड आधी तेच पान उघडतं.

"चार लाल नोंदी झाल्या की घरी" हे बॅरेकमध्ये ऐकलं असेल. त्यामागे डिसेंबर १९८८ चं सेना मुख्यालयाचं धोरण आहे. पण सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये सांगितलंय की चार नोंदी म्हणजे आपोआप डिस्चार्ज नाही. आधी चौकशी, कारणे दाखवा नोटीस, आणि माणसाची सेवा, कठीण ठिकाणची पोस्टिंग हे सगळं बघायचं. म्हणून तशी नोटीस आली तर उत्तर द्या, त्यात सियाचिन असो की राजौरी, सगळं लिहा.

डिस्चार्ज आणि बडतर्फी यांतला फरक कुटुंबाला सांगून ठेवा. बडतर्फ झालेल्याची आधीच्या सगळ्या सेवेची पेन्शन सहसा जाते. चौदा वर्षं झालेल्या जवानाला हे वेगळं सांगायला नको. अग्निवीरांना एवढंच: चार वर्षांनी जास्तीत जास्त पंचवीस टक्के ठेवतात. तिथे एक नोंदही जड आहे.

पिणं हातातून सुटत चाललंय असं स्वतःला वाटत असेल तर आरएमओ साहेबांकडे (युनिटच्या डॉक्टरकडे) स्वतःहून जा. पकडल्यावर कमांड हॉस्पिटलला पाठवलं जाणं आणि आधी स्वतः जाणं, यात कागदावरही फरक पडतो.

शिक्षा चुकीची वाटली तर: जवानांसाठी कलम २६ खाली तक्रार, कोर्ट मार्शल असेल तर कलम १६४ खाली अर्ज. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण, महाराष्ट्रासाठी मुंबईचं खंडपीठ. अंतिम आदेशानंतर सहा महिन्यांची मुदत असते. "आधी रिटायर होऊ, मग बघू" म्हणणाऱ्यांची मुदत निघून गेलेली असते.

९. लायसन्स

पोलिसांनी घेतलेलं लायसन्स आरटीओकडे जातं. तुमचं म्हणणं ऐकून पहिल्या वेळेला तीन महिने बंद, दुसऱ्या वेळेला रद्द. डीएमटी (युनिटच्या गाड्यांचे ड्रायव्हर) असाल तर युनिटला हेही स्वतः सांगा, कारण सिव्हिल लायसन्स बंद असताना सरकारी गाडीच्या स्टिअरिंगवर बसलेलं कुणी पाहिलं तर नवीनच फाइल.

आणि एक हिशेब डोक्यात ठेवा. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम उतरवतं. रात्री एकला १२० असेल तर सकाळी सहाला ४५. झोप झालेली असते, दाढी केलेली असते, पीटी किटमध्ये असता, आणि तरीही मर्यादेच्या वर. पहाटे फॉल-इनला निघालेल्यांनी हे वाचावं.

तीन महिने संपल्यावर लायसन्स आणायला संगम पुलाजवळच्या आरटीओत जाल तेव्हा पीएमपीनं जा. लायसन्स बंद असताना चालवण्याचा वेगळा दंड आहे, तोही दहा हजार. मी रांगेत होतो तेव्हा पुढचे दोघे बाहेर बाईक लावून आले होते.